सतरा इंची संशोधन

६ फेब्रुवारी २००६, सोमवार

नवी वही सुरू. शंभर पानी, टायपिंग इन्स्टिट्यूटच्या जुन्या स्टॉकमधली. विषय एकच: मॉनिटर.

वंदनाचं डोकं आजही दुखलं. जानेवारीपासून रोजचंच झालंय. सकाळी ठीक असते, दुपारी चारच्या सुमाराला कपाळाला रुमाल बांधून बसते. माझी इन्स्टिट्यूट बंद पडून त्या जागी 'दिगंबर ग्राफिक्स' झालं तेव्हापासून टायपिंग, पेज लावणं, प्रूफ तपासणं ती बघते. टेक्निकल आणि मॅनेजमेंट माझ्याकडे. म्हणजे डोकं तिचं असलं तरी प्रश्न माझ्या खात्यातला.

तिचं म्हणणं, खिडकीला पडदा लावून द्या. हसू आलं. डोकं दुखतं तर पडदा. उद्या दाढ दुखली तर दाराला कडी लावा म्हणेल. दोष आपल्या जुन्या डबा मॉनिटरचा आहे. त्याचं चित्र सेकंदाला साठ वेळा फडफडतं. बायकोला हे कुठून कळणार.

निश्चय: फ्लॅट मॉनिटर घ्यायचा. कोणाच्या सांगण्यावरून नाही, पूर्ण अभ्यास करून. पाडव्याच्या आत.

९ फेब्रुवारी, गुरुवार

दुकानात आलो तर खिडकीवर जुनी साडी. निळी, पांढऱ्या बुट्ट्यांची, दोन खिळ्यांना अडकवलेली. शी. बऱ्हाणपूरच्या भर इतवारा पेठेत ऑफिसला साडी! गिऱ्हाईक काय म्हणेल? शिवाय हवा बंद होऊन मशीन तापतं. वंदनाला शांतपणे समजावलं आणि साडी घडी करून ठेवायला सांगितली. तिनं नीट घडी घातली. पटलं असावं.

समोरच्या पॉवरलूमवाल्यानं मागच्या महिन्यात शेडला नवे पत्रे ठोकले तेव्हापासून या गल्लीची कळाच गेली. आठ दिवस ठोकाठोकी. आता वर चकाकणारे पत्रे आणि खाली दिवसभर लूमची खडखड. या गावाला सौंदर्यदृष्टी म्हणून नाही.

१९ फेब्रुवारी, रविवार

सायबर कॅफेत अडीच तास. शेजारचा इसम अडीच तास क्रिकेटचे स्कोअर बघत होता. जगातलं सगळं ज्ञान समोर आणि हा स्कोअर बघतो. किळस आली.

मी मात्र मुळापासून सुरुवात केली. वहीच्या शेवटच्या पानावर लाल शाईनं नियम उतरवले. नियम एक: फ्लॅट मॉनिटरच्या स्क्रीनला ओलं बोट किंवा ओलं फडकं लावू नये. नियम दोन: स्क्रीन दाबू नये, वर काच नसते. नियम तीन: घेताना डेड पिक्सेल तपासावा, म्हणजे जळलेला ठिपका.

घरी वंदनाला वाचून दाखवले. पहिले दोन खास तिच्यासाठी, कारण कणकेचा हात तसाच सगळीकडे लागतो. तिनं विचारलं, आणणार कधी. हीच ती घाई, जिच्यामुळे आपला समाज मागे राहिला.

३० मार्च, गुरुवार. पाडवा.

घेतला नाही. कारण रिस्पॉन्स टाइम, म्हणजे चित्र बदलायला लागणारा वेळ. मी बारा मिलिसेकंदवाला पक्का केला होता, आता आठवाले आलेत. मुहूर्ताच्या नादात बारा घेऊन बसलो असतो तर आयुष्यभर चार मिलिसेकंद मागे. थोडक्यात वाचलो.

संध्याकाळी गुढी उतरवली. गुढीचं वस्त्र हातात घेऊन वंदना खिडकीकडे बघत होती. मी आधीच नाही म्हटलं.

१७ एप्रिल, सोमवार

सुकलालच्या दुकानात. सुकलाल माझा जुना विद्यार्थी. टायपिंगला तीसच्या वर स्पीड कधी गेला नाही; मेंदूचाही तेवढाच. आता कॉम्प्युटर विकतो आणि शटरवर स्वतःच्या नावापुढे 'एक्सपर्ट' लिहितो.

सतरा इंची मॉनिटर लावून घेतला. समोरून पाहिला. डावीकडून, उजवीकडून. स्टुलावर चढून वरून. मग जमिनीवर बसून खालून. खालून चित्र काळं दिसतं. सुकलाल म्हणाला, सर, खाली बसून कोण काम करतं? मी म्हटलं, प्रश्न तत्त्वाचा आहे.

पहिल्या भेटीत चहा आला होता. दुसऱ्या भेटीत पाणी. आज काहीच नाही. ही सर्व्हिस!

२१ मे, रविवार. सकाळी ८

पारा चव्वेचाळीसवर. वंदनानं आपली आपण कामाची वेळ बदलली. पहाटे पाचला बसते, अकराला उठते. दुपारी बसली तर ओकारी येते म्हणते. शिवाय केळीच्या खोक्याचा पुठ्ठा कापून मॉनिटरच्या कडेला झापडासारखा लावला होता. टांग्याच्या घोड्याला लावतात तसा. आमच्या व्यवसायाची पार शोभा केली. काढून फेकला.

मी उद्या जळगावला जातोय. बऱ्हाणपुरात कॉन्ट्रास्ट रेशो कोणाला उच्चारता येत नाही.

२२ मे, सोमवार

जळगाव. सात दुकानं. प्रत्येक जण वेगळं सांगतो आणि सगळे खोटं सांगतात. एकानं फ्लॅट म्हणून चक्क जुनाच डबा दाखवला, फक्त पुढची काच सपाट केलेली. वर मलाच म्हणतो, फ्लॅटच तर आहे. मी त्याला पंधरा मिनिटं फरक समजावला. त्यानं मध्येच दुसऱ्या गिऱ्हाइकाला एक विकून टाकला.

परतीच्या गाडीत उभा. पाय सुजले. वंदनासाठी बामची बाटली आणली. माणसानं किती करावं.

१२ जुलै, बुधवार

महत्त्वाचा शोध. पावसाळा लागल्यापासून वंदनाचं डोकं दुखत नाही. आभाळ भरून आलं की बाई अगदी ठणठणीत. परवा दोन तास ऊन पडलं, लगेच रुमाल.

निष्कर्ष: हवेतल्या दमटपणामुळे जुन्या मॉनिटरची फडफड कमी होते. हे इंटरनेटवरही कोणी लिहिलेलं नाही. वंदनाला सांगितलं. ती म्हणाली, तुम्ही खिडकीतून कधी बाहेर बघता का हो? विषयांतर करायची सवय. पावसाळा असल्यामुळे खरेदी तूर्त स्थगित.

२० ऑगस्ट, रविवार

मोठी ऑर्डर. कौतिकअण्णा आले होते, आमच्या समाजाचे अध्यक्ष. यंदाची वधू-वर परिचय पुस्तिका आपल्याकडे. चारशे बारा मुलं-मुली, प्रत्येकाचा फोटो, शिक्षण, मामाचं कूळ. मेळावा ५ नोव्हेंबरला, एकादशीनंतरच्या रविवारी. त्या दिवशी पुस्तिका हातात पाहिजे, कारण मग लग्नं सुरू होतात.

अण्णा खालच्या आवाजात म्हणाले, मागच्या वर्षी दुसऱ्या प्रेसवाल्यानं दोन फोटोंची अदलाबदल केली. तुकईथडच्या मुलीखाली भलत्याच मुलीचा फोटो. पाहुणे बघायला आले, दारातूनच परत गेले. ती मुलगी अजून घरीच आहे. यंदा असं झालं तर मेळाव्यात तोंड दाखवायला जागा नाही.

मी अण्णांना सांगितलं, काळजी सोडा, फ्लॅट मॉनिटर येतोय, त्यावर माणसाचा तीळसुद्धा दिसतो. अण्णा वंदनाकडे बघून म्हणाले, "वंदनाताई, तुमच्या भरोश्यावर देऊन राहिलो बरं." घाईत माझं नाव राहून गेलं.

१० सप्टेंबर, रविवार

तिटकारा आला या जगाचा.

लोटू आला होता. वंदनाचा भाऊ, तुकईथडला केळीची बाग. पोरीसाठी कॉम्प्युटर घ्यायचा म्हणाला. मी वही काढली. पान सोळापासून सुरुवात केली. तो म्हणाला, दाजी, जरा जाऊन येतो. पाऊण तासात आला. हातात खोकं. सतरा इंची फ्लॅट. सुकलालकडूनच.

विचारलं, पिक्सेल तपासले? म्हणे, चालू करून पाहिला, चांगला दिसला, घेतला. केळीचा घड घेतात तसा मॉनिटर घेतला. उतावळा नवरा, गुडघ्याला बाशिंग. मी त्याला म्हटलं, सहा महिन्यांत पस्तावशील. वंदना त्या खोक्याकडे बघत होती. नंतर आत जाऊन चहाची भांडी फार आवाज करत घासली.

लोटू परत जाताना मला म्हणाला, दाजी, तुमची वही मस्त आहे.

२ ऑक्टोबर, सोमवार. दसरा.

यंत्रपूजा यथासांग. इन्स्टिट्यूटपासूनचा माझा शिरस्ता: प्रत्येक मशीनच्या तोंडावर ओल्या कुंकवाचं स्वस्तिक, वर राजघाटाहून आणलेल्या तापीच्या पाण्याचा शिंतोडा. शिल्लक टाइपरायटरला काढलं, जुन्या मॉनिटरच्या काचेवरही काढलं. वीस वर्षांत या हातानं काढलेलं स्वस्तिक वाकडं गेलं नाही. नंतर वंदनानं ओल्या फडक्यानं काच पुसली आणि कामाला बसली.

ऊन पुन्हा कडक. चारला रुमाल. दोनशे नावं झालीत, दोनशे बारा बाकी.

८ ऑक्टोबर, रविवार

वंदनानं आज हात जोडले. खरोखर. म्हणाली, काहीही आणा, नाहीतर मला सकाळ-संध्याकाळच बसू द्या. दुपारी मला फोटो एकासारखे एक दिसून राहिले. कोणाची मुलगी कोणाच्या नावाखाली गेली तर मी कोणाला तोंड दाखवू.

सकाळ-संध्याकाळ तर वीजकटौती, लाइटच नसते. म्हणजे दुपारच उरते.

मी तिला शब्द दिला. येत्या रविवारी रविपुष्याचा मुहूर्त आहे. त्या दिवशी मॉनिटर दुकानात. आठ महिन्यांचा अभ्यास फळाला येण्याची वेळ. सुकलालला निरोप धाडला. जुना डबा एक्स्चेंजमध्ये त्यालाच द्यायचा ठरवला. मागचे दोर कापून टाकावेत.

१५ ऑक्टोबर, रविवार. सकाळी ११:२०

घेतला. सतरा इंची. आठ मिलिसेकंद. पिक्सेल एकेक करून तपासले, पाऊण तास लागला. एकही जळका नाही. सुकलाल दमून स्टुलावर बसला होता. लोटूनं घेतलेलं तेच मॉडेल, पण त्याच्या आणि माझ्या खरेदीत फरक आहे.

दुपारी १२:०५

पूजा संपन्न. दराब्याची मिठाई वाटली. शेजारच्या मालूबाई, अण्णांचा पुतण्या, तीन-चार गिऱ्हाइकं, सगळे जमले होते. वंदनानं नवी साडी नेसली होती आणि चक्क हसत होती. कुंकू छान ओलं कालवून अनामिकेनं स्क्रीनच्या मधोमध स्वस्तिक काढलं. जुन्या काचेवर बोट सरकतं तसं इथं सरकेना, म्हणून जरा दाबून काढलं. बोटाभोवती इंद्रधनुष्यासारखे रंग उमटले. मालूबाईंनी हात जोडले. मीही सर्वांना सांगितलं, ही नवी टेक्नॉलॉजी. मग तापीचं पाणी शिंपडलं. वंदना काहीतरी म्हणत होती, पण घंटा वाजत होती.

दुपारी १

कुंकू पुसलं जात नाहीये. ओल्या फडक्यानं पसरलं. काच पुसायचं निळं पाणी मारलं, जोरात घासलं. मधोमध रुपयाएवढा काळा डाग, तो वाढतोय. खालच्या कडेनं पाणी आत गेलं असावं. उभ्या रेघा. हिरव्या.

माल सदोष आहे.

दुपारी ४

वंदना समोर बसून आहे. टाइप करत नाही. जो फोटो उघडते त्याच्या तोंडावर काळा डाग येतो. रडली नाही. रडली असती तर मला काहीतरी म्हणता आलं असतं.

१६ ऑक्टोबर, सोमवार

सुकलालकडे मॉनिटर घेऊन गेलो. वॉरंटी मागितली. तो म्हणाला, सर, हा आपटलेला नाहीतर दाबलेला पीस आहे, कंपनी घेणार नाही. त्यात आत कुंकू. मी म्हटलं, मी आठ महिने अभ्यास केलाय, मला शिकवू नकोस, आणि पुरावा म्हणून ही वही त्याच्यापुढे आपटली.

वही उलटी उघडली. शेवटचं पान. सुकलालनं लाल शाईतला नियम एक मोठ्यानं वाचला. मग नियम दोन. दुकानात चार माणसं होती. मग त्यानं बाकीची पानंही चाळली आणि एका पानावर थांबला. एप्रिलच्या, ते मला कळलं.

वही मिटून माझ्या हातात दिली. म्हणाला, "सर, तुम्ही अक्षर मात्र फार सुंदर काढता."

एवढंच. चहा मागवला. मी प्यायलो नाही. प्यायलो, पण अर्धा.

१७ ऑक्टोबर, मंगळवार

अतिशय मन विटलंय. दुकानात उशिरा गेलो. जुना डबा मॉनिटर टेबलावर परत. वंदना सकाळीच सुकलालकडे जाऊन सायकलरिक्षात घालून घेऊन आली. सुकलालनं पैसे घेतले नाहीत. आणि खिडकीवर साडी. तीच निळी. दोन खिळे जागेवरच होते.

नियमानुसार हरकत घ्यायला हवी होती. आज अंगात बळ नव्हतं.

नवीन मॉनिटर कोपऱ्यात, टॉवेल टाकून.

२६ ऑक्टोबर, गुरुवार

वंदना दहा दिवस सलग दुपारी बसतेय. रुमाल नाही. तीनशे चाळीस झाले. दिवाळीतही बसली.

शक्यता एक: जुन्या मॉनिटरला सुकलालच्या दुकानात काहीतरी केलं असावं. शक्यता दोन: हवामान. तपासायला हवं. हवामान कोरडं आहे, म्हणजे दमटपणाचा सिद्धांत इथं लागू होत नाही. आज लिहिण्यात मन नाही.

५ नोव्हेंबर, रविवार

मेळावा झाला. पुस्तिका वेळेवर. चारशे बारा फोटो, एकही इकडचा तिकडे नाही. कौतिकअण्णांनी माइकवरून वंदनाचं नाव घेतलं, टाळ्या झाल्या. तुकईथडची ती मुलगी आईबरोबर आली होती. स्वतःचं पान काढून तिनं आधी फोटो पाहिला, मग नाव, मग पुन्हा फोटो, आणि पुस्तिका पिशवीत ठेवली.

शेवटच्या पानावर छापलंय: 'टायपिंग व मांडणी: सौ. वंदना'. मी बारकाईनं पाहिलं. मॅनेजमेंट कुठेही नाही. प्रूफ तिनंच तपासलं होतं.

७ नोव्हेंबर, मंगळवार. दुपारी ४

वंदना उरलेल्या प्रती द्यायला अण्णांकडे गेली. दुकानात एकटा. तिची खुर्ची रिकामी होती. बसून पाहिलं. या खुर्चीवर वर्षभरात पहिल्यांदाच बसलो; माझी खुर्ची दाराजवळ असते, गिऱ्हाइकांसाठी.

सगळं ठीक दिसत होतं. मग हवा येऊ द्यावी म्हणून साडी बाजूला सारली.

समोरच्या पत्र्यावरून ऊन सरळ आत आलं. स्क्रीनवर काही दिसेना. तरी नेटानं एक ओळ वाचायला घेतली. डोळ्यांतून पाणी आलं. काचेत फक्त एक माणूस दिसत होता, डोळे बारीक करून तोंड वाकडं केलेला. पाच मिनिटांत कपाळ ठणकायला लागलं.

वंदना आली. दारातच थांबली. काय करून राहिले, म्हणाली. मी म्हटलं, तपासतोय. तिनं पिशवी ठेवली.

"बघितलं ना आता? मग सोडा ती साडी. मला एक पत्रिका लावायची आहे."

सोडली. साडीवर घडीच्या रेघा अजून दिसतात. फेब्रुवारीत घडी घालायला सांगितली होती, तीच घडी. कुठे ठेवली होती विचारलं, तर म्हणाली, इथेच, कीबोर्डच्या खालच्या खणात.

डोकं फारच ठणकत होतं. बाम आहे का विचारलं. तिनं बोटानं तोच खण दाखवला. उघडला. बामच्या अकरा बाटल्या निघाल्या. एक जळगावची, मी आणलेली. अकराही रिकाम्या.

वंदना टाइप करता करता म्हणाली, आता लागत नाही, म्हणून नवी आणली नाही.